आधी पिशवी, मग तोंड

नसरापूरच्या पेठेत माझा दातांचा दवाखाना आहे. चेलाडी फाट्यावरून आत आलेला रस्ता पुढे वेल्ह्याकडे जातो, त्यामुळे आंबवणे, मार्गासनी, विंझर इथली माणसं बाजार, बँक आणि दात अशी तिन्ही कामं एकाच खेपेत उरकायला येतात. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे. या माणसांपैकी पुष्कळांना आता मधुमेह आणि बीपी आहे. काहींच्या किडन्या निकामी झाल्यात, ते आठवड्यातून दोन-तीन वेळा कात्रज ओलांडून पुण्याला डायलिसिसला जातात. आमच्याकडे त्याला ‘रक्त धुवायला जातो’ म्हणतात. अशा माणसांचे दात बघताना मी काय शिकले ते इथे लिहिते आहे. थोडं कॉलेजात शिकले होते, बरंचसं इथे, चुका करून.

१. आधी पिशवी उघडायची.

प्रॅक्टिस सुरू करून दोन-तीन वर्षं झाली असतील. वेल्ह्याकडचे एक काका संध्याकाळी आले. खालची दाढ पूर्ण किडलेली, मुळाशी पू. ‘बीपी, शुगर आहे का?’ मी विचारलं. ‘गोळ्या चालू हायत,’ म्हणाले. बीपी मोजलं, साखर बघितली, दोन्ही बेताची होती. दाढ काढली. कापूस दाबून धरला, पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, रक्त काही थांबेना. टाके घातले, तरी झिरपत होतं. रात्री नऊ वाजता त्यांच्या मुलानं एसटीत पायाशी ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी वर काढली. आत फाइल होती. काकांचं त्याच दिवशी सकाळी डायलिसिस झालं होतं.

डायलिसिसच्या मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. त्याचा असर मशीनवरून उठल्यावरही काही तास अंगात राहतो. शिवाय किडनी काम करत नसली की रक्तातल्या विषारी द्रव्यांमुळे प्लेटलेट्स सुस्त होतात. रिपोर्टात त्यांची संख्या चांगली दिसते, पण एकमेकींना चिकटून भोक बुजवायचं काम त्या नीट करत नाहीत. म्हणून अशा माणसाचा दात डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी काढायचा. तोवर हेपॅरिन उतरलेलं असतं आणि रक्तही नुकतंच धुतलेलं असतं. सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस असेल तर माझ्याकडे मंगळवार, गुरुवार किंवा शनिवार. हे सगळं मला परीक्षेत लिहिता आलं असतं. त्या संध्याकाळी विचारायचं सुचलं नाही.

काका पहाटेपर्यंत आमच्या बाकावर होते. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेली गॉज दाबून धरल्यावर रक्त थांबलं. मी त्यांची माफी मागितली. ‘तुमी न्हाय विचारलं, म्या न्हाय सांगितलं,’ एवढंच ते म्हणाले. त्यांना वाटलं होतं, दाताच्या डॉक्टरला किडनीचं काय करायचं? तेव्हापासून माझ्याकडे तोंड नंतर उघडतं, पिशवी आधी. गोळ्यांची पाकिटं, फाइल, शेवटचे रिपोर्ट सगळं टेबलावर मांडायचं. मोबाइलमधला फोटोही चालतो. काही जण चिडतात. एका आजींनी मला स्पष्टच सुनावलं, ‘बाई, माझा दात दुखतोय, पिशवी न्हाय दुखत.’ तरी बघतेच.

२. दाढदुखीची गोळी किडनीपर्यंत जाते.

हे मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं, कारण यातलं नुकसान टाळता येण्यासारखं आहे.

जुलैत भातलावणी चालू असते. सकाळपासून गुडघाभर चिखलात वाकायचं, पाणी प्यायला वर यायला वेळ नाही, आणि त्यात दाढ ठणकतेय. दवाखान्यात जायचं तर एक दिवसाचा खाडा. मग कोणीतरी फाट्यावर जाताना सांगायचं, ‘दाढदुखीची गोळी आण.’ गोळी येते, ठणका थांबतो, चार तासांनी परत सुरू होतो, परत गोळी. लावणी संपेपर्यंत पंधरा-वीस दिवस हेच. त्या गोळीत बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नाहीतर अ‍ॅसिक्लोफेनॅक असतं. आम्ही दातांचे डॉक्टर उठसूट लिहितो ते केटोरोलॅकही त्याच जातीचं.

अंगात पाणी कमी पडलं की किडनी आपल्याकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद ठेवून कसंबसं भागवते. ही रुंदी राखायला लागणारं रसायनच या गोळ्या बंद करतात. धडधाकट माणूस एखाद-दुसरी गोळी पचवतो. ज्याची किडनी मधुमेहानं आधीच अर्धी झालीय, बीपीच्या ठरावीक गोळ्या चालू आहेत, आणि वरून चिखलात दिवसभर पाणी प्यायलेलं नाही, त्याला ते झेपत नाही. अशाच एका लावणीनंतर पाय सुजवून आलेल्या बाईंना मी पुण्याला पाठवलं, तेव्हा त्यांचं क्रिएटिनिन किती वाढलं होतं ते ऐकून मला झोप लागली नाही. दाढ काढायला वीस मिनिटं लागली असती.

म्हणून किडनीच्या माणसाला दुखण्यावर पॅरासिटॅमॉल, तेही ठरवून दिलेल्या मात्रेत. फक्त ‘पॅरासिटॅमॉल आहे’ एवढ्यावर विसंबू नका, पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटॅमॉलच्या शेजारी अ‍ॅसिक्लोफेनॅक नाहीतर डायक्लोफेनॅक बसलेलं असतं. अँटिबायोटिक्सचंही तसंच. नेहमीचं औषधसुद्धा किडनीच्या ताकदीप्रमाणे कमी मात्रेत किंवा जास्त अंतरानं द्यावं लागतं. शेजाऱ्याच्या उरलेल्या कोर्सवर ते भागत नाही.

३. डायलिसिससाठी हाताची शीर जोडून घेतलेली असते, म्हणजे फिस्टुला. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही, सुई टोचायची नाही, खुर्चीच्या हातावर तो दबू द्यायचा नाही. पेशंटनं आत येतानाच ‘हा हात सोडा’ म्हणावं. संकोच करू नये.

४. उपाशीपोटी दाताला येऊ नये.

लोकांना वाटतं, इंजेक्शन आहे म्हणजे पोट रिकामं हवं. एक आजोबा सकाळी इन्सुलिन घेऊन, न्याहारी न करता पहिल्या गाडीनं आले. त्यात एकादशी. माझ्याकडे गर्दी, ते तासभर बसले. खुर्चीत घेतलं तेव्हा कपाळावर घाम होता. मला वाटलं घाबरलेत. मग ते असंबद्ध बोलायला लागले, मला त्यांच्या मुलीच्या नावानं हाक मारली. बोटातून रक्त काढून बघितलं, साखर फार खाली गेली होती. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. दहा-पंधरा मिनिटांत माणूस जागेवर आला. एकादशी मोडली म्हणून मात्र त्यांना दिवसभर वाईट वाटत राहिलं.

किडनी बिघडलेल्या माणसात हा धोका जास्त, कारण इन्सुलिन अंगातून बाहेर जायला वेळ लावतं. वर्षानुवर्षं घेतलेला डोस एक दिवस अचानक जड होतो. आणखी एक गोष्ट: अशा वेळी नारळपाणी किंवा फळांचा रस द्यायचा मोह होतो. डायलिसिसच्या पेशंटला पोटॅशियमचं पथ्य असतं, आणि या दोन्हींत ते भरपूर. साधी साखर किंवा ग्लुकोज पावडर बरी. आता माझ्या खुर्चीशेजारी साखरेचा डबा कायम असतो. मधुमेहाच्या माणसाला मी सकाळची वेळ देते, जेवून-खाऊन, औषध घेऊन यायला सांगते, आणि त्याला बाकावर ताटकळत ठेवत नाही.

५. हिरड्यांतून रक्त येणं ही मधुमेहाचीच बाब आहे.

हाराल्ड लोए नावाच्या दंतसंशोधकानं १९९३ साली हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. डोळे, किडनी, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या, न भरणाऱ्या जखमा, आणि त्यांच्या पंगतीला हिरड्या. पायाला जखम झाली की मधुमेहाचा माणूस धावत येतो. हिरडीची जखम दिसत नाही, दुखतही नाही. पण सगळ्या दातांभोवतीची सुजलेली हिरडी उलगडून पसरली, तर तळहाताचा बराच भाग झाकेल. एवढी जखम रोज पिकत असेल तर साखर आटोक्यात कशी येणार?

हे दोन्हीकडून चालतं. साखर वाढली की हिरडी बिघडते, हिरडी बिघडली की साखर चढते. दातांच्या मुळांपर्यंत नीट सफाई केली तर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरते, असं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलंय. मधुमेहावर एखादी जादा गोळी सुरू केली तरी कित्येकदा एवढाच फरक पडतो. माझ्याकडे असे पेशंट येतात ज्यांचा इन्सुलिनचा डोस वर्षभरात तीनदा वाढला, पण त्या वर्षात कुणी ‘आ करा’ म्हटलं नाही. डायलिसिसवरच्या माणसात रक्त कमी असल्यानं एचबीए१सीचा आकडा खोटा खाली दिसू शकतो, म्हणून त्यांच्या बाबतीत मी त्या एका आकड्यावर खूश होत नाही.

इथेच एक चक्र आहे, त्यात माणसं महिनोन्महिने अडकतात. ‘साखर उतरल्याशिवाय दात काढता येणार नाही’ असं कुणीतरी सांगतं. माणूस साखर उतरायची वाट बघतो, आणि पिकलेली दाढ साखर उतरू देत नाही. कवळी बसवण्यासारखं काम थांबू शकतं. पू झालेला दात थांबत नाही. त्यासाठी मी मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन करते, इन्सुलिन कसं सांभाळायचं ते ठरवते, आणि दात काढते.

६. मिश्री.

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी उठल्यावर बोटानं दातांना लावायची, मग दुपारी कामाला जाताना, मग संध्याकाळी. आमच्याकडच्या पन्नाशीपुढच्या कितीतरी बायका हे करतात आणि त्याला व्यसन म्हणत नाहीत. ‘दात घासते’ म्हणतात. मी पहिली काही वर्षं सरळ रागवायचे. त्या मान हलवायच्या आणि पुढच्या वेळी डबी कमरेला आणखी खोल खोचून यायच्या.

रागवणं सोडल्यावर बरंच कळलं. एकीचं पोट मिश्रीशिवाय साफ होत नव्हतं. दुसरीची हिरडी पूर्वी मिश्री लावल्यावर दुखायची थांबली होती, म्हणून सुरू झाली ती तीस वर्षं राहिली. तंबाखूतलं निकोटिन हिरडीच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं. त्यामुळे रक्त येत नाही आणि बाईला वाटतं हिरडी घट्ट झाली. खाली हाड विरघळत असतं. मधुमेहात ते आणखी वेगानं विरघळतं. तंबाखू घातलेली टूथपेस्ट आणि मंजन बनवायला, विकायला १९९२ मध्ये देशात बंदी आली, पण घरच्या तव्याला कोण बंदी घालणार?

आता मी सुनेला आणि नातवाला बाहेर बसवते, मगच विचारते. मग हळूहळू कमी करायला लावते: दिवसातून चार वेळा असेल तर तीन, तीनची दोन. सकाळची सगळ्यात शेवटी सुटते. ज्या मावशींनी पूर्ण सोडली, त्यांना पहिले काही आठवडे हिरड्यांतून जास्त रक्त येतं, हे आधी सांगून ठेवावं लागतं. नाहीतर ‘सोडली आणि बिघडलं’ म्हणून परत सुरू करतात. राखुंडी, विटेची भुकटी, खरखरीत मीठ यांचाही हट्ट धरू नये. मऊ ब्रश आणि साधी फ्लोराइडची पेस्ट पुरते.

७. तोंडाला येणारा वास कधी कधी किडनी सांगते.

एक शिक्षक ‘तोंडाला वास येतो, साफ करून द्या’ म्हणून आले. दात तसे स्वच्छ होते. वास लघवीसारखा, अमोनियाचा. हिरड्या फिक्या पडलेल्या. जेवण पितळेच्या भांड्यात कळकल्यासारखं लागतं म्हणाले. मी सफाई केली नाही, रक्त तपासायला पाठवलं. किडनीचा आजार तेव्हा पहिल्यांदा कळला. रक्तात साठलेला युरिया लाळेत उतरतो आणि तोंडात त्याचा अमोनिया होतो. पेस्ट बदलून तो वास जाणार नव्हता.

डायलिसिसवर गेल्यावर त्यांचं दुसरं दुखणं सुरू झालं, कोरडं तोंड. पाणी मोजून प्यायचं, आणि तहान तर लागतेच. लाळ कमी म्हणून दात किडतात, जीभ टाळूला चिकटते. मी त्यांना थंड पाण्यानं चूळ भरून थुंकायला सांगितलं, मधूनच बर्फाचा छोटा खडा चघळायला (तोही दिवसाच्या पाण्यात मोजायचा), आणि गोड गोळ्या चघळायच्या नाहीत हे बजावलं. जेवणात खारट कमी केलं तर तहानच कमी लागते. हे त्यांनी स्वतः शोधून मला सांगितलं.

८. सहीपुरतं सर्टिफिकेट देऊ नये.

किडनी बसवण्याआधी दातांची तपासणी लागते. भोर तालुक्यातला एक तरुण, आईची किडनी घेणार होता, फॉर्म घेऊन आला. ‘मॅडम, दाताचं एवढंच राहिलंय, सही पाहिजे.’ ऑपरेशनची तारीख जवळ आली होती. आई बाकावर पदर सावरून बसली होती. सही करून मोकळं व्हावं असं मलाही वाटलं. पण संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून आणायला लावला. दोन दाढांच्या मुळाशी पुवाच्या गाठी होत्या, बाहेरून काही दिसत नव्हतं, त्याला दुखतही नव्हतं. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवतात. अशा अंगात दडलेला पू काय करेल सांगता येत नाही. त्याच्या किडनीच्या डॉक्टरांशी बोलले, डायलिसिसचा दुसरा दिवस साधून दोन्ही दाढा काढल्या, भरेपर्यंत तारीख पुढे गेली. त्याचे वडील माझ्यावर बरेच नाराज झाले. तारीख पुढे जाणं म्हणजे त्यांना आणखी काही फेऱ्या, आणखी खाडे. त्यांचं दुःख मला समजत होतं.

ऑपरेशन झाल्यावर पहिले सहा महिने तातडीचं नसेल ते दातांचं काम मी घेतलं नाही. नंतर तो आला तेव्हा हिरड्या फुगून दातांवर चढल्या होत्या. सायक्लोस्पोरिननं तसं होतं. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिननंही होतं. दोन्ही चालू असतील तर जास्तच. अशा वेळी गोळी मनानं बंद करायची नाही. मी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, त्यांनी औषधात बदल केला, इकडे मी सफाई करत राहिले. रक्त पातळ करणाऱ्या अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेलचंही हेच. दात काढायचा म्हणून कुणी घरीच त्या थांबवतं, आणि हृदयाला किंवा मेंदूला फटका बसतो. रक्त थांबवायचं काम आमचं आहे, ते आम्ही टाक्यांनी करू.

९. काही दात आपण काढायचे नसतात.

२०२१च्या उन्हाळ्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, वरच्या जबड्याचे तीन-चार दात एकदम हलू लागलेली माणसं यायला लागली. सगळे मधुमेहाचे, सगळ्यांना कोविडमध्ये स्टेरॉइड दिलेलं. गाल बधिर, नाकातून काळपट स्राव. ती म्युकरमायकोसिसची बुरशी होती. महाराष्ट्रात त्या वर्षी हजारो लोकांना ती झाली. हलणारा दात चिमट्यानं सहज निघाला असता. ते न करता त्याच दिवशी पुण्याला पाठवणं, एवढंच माझं काम होतं.

जबड्याखालच्या सुजेबद्दलही हेच म्हणेन. दाढेची सूज गळ्याकडे उतरली, जीभ वर उचलली गेली, गिळता येईना, तर सकाळच्या गाडीची वाट बघू नका. शेकू नका, लेप लावू नका. मिळेल त्या गाडीनं मोठं रुग्णालय गाठा.

१०. खर्च आणि दमणूक.

डायलिसिसचे चार तास, जाण्यायेण्याचे चार, घरी आल्यावर माणूस पडून असतो. सरकारी योजनेतून पुष्कळांचं डायलिसिस मोफत होतं, पण दात भरणं, सफाई, रूट कॅनॉल हे बहुतेकांना खिशातूनच करावं लागतं. म्हणून दात शेवटी राहतात. मी एका बैठकीत थोडंच काम करते, खुर्ची पूर्ण आडवी करत नाही कारण अंगात पाणी साठलेल्या माणसाला धाप लागते, आणि घरच्यांना एक वही ठेवायला सांगते. डायलिसिसचे वार, औषधांची नावं, वजन, साखर, माझ्या तारखा, सगळं एकाच वहीत. पुण्यातल्या डॉक्टरांनाही तीच दाखवायची.

‘पिशवी न्हाय दुखत’ म्हणणाऱ्या त्या आजी गेल्या दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. परवा आल्या. नातवानं चौथीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर सगळं लिहिलंय, डायलिसिसचे वार लाल पेननं. वरची कवळी सैल झाल्यानं त्यांना भाकरी चावत नव्हती, भात आणि चहा-बिस्किटावर होत्या, साखर वाढली होती. कवळी घासून बसती केली. रात्री काढून पाण्यात ठेवायची, हे चौथ्यांदा सांगितलं. पुन्हा तपासायला मंगळवार दिला. त्या दिवशी गावची जत्रा आहे म्हणाल्या. मग नातवानं लाल वार बघून गुरुवार लिहिला.

‘जेवून या हं आजी,’ मी म्हटलं.

‘भाकरी खाऊनच येते,’ त्या म्हणाल्या, ‘चावली का न्हाय ते तुला सांगाया नको?’